दगडाच्या घनतेतून एक वजा

ताम्हिणीचा पाऊस आपण पाण्याच्या बाजूने मोजतो. किती पडला, मुळशीचा तलाव किती भरला, बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघराकडे किती पाणी उतरले. हे सारे पाणी ज्या दगडी भिंतीने अडवून धरले आहे, तिच्या बाजूने हिशेब फारसा कुणी मांडत नाही. दगडी धरणांचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आले की, तो हिशेब एका साध्या शालेय संकल्पनेचा आहे. ती संकल्पना म्हणजे घनता.

घनतेची व्याख्या आपण पाठ केलेली असते : वस्तुमान भागिले आकारमान. व्याख्या सोपी, पण तिच्यात एक मेख आहे. ताम्हिणीच्या घाटरस्त्यासाठी कापलेले कडे पाहिले तर लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. थराच्या पोटातला काळा पाषाण घट्ट असतो. त्याचा एक घनमीटर सुमारे 2.8 ते 3 टन भरतो. त्याच थराच्या माथ्यावर, लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. तिथला दगड भोकाभोकांचा, म्हणून बराच हलका. लाव्हा एकच, खनिजे जवळजवळ तीच, तरी घनता वेगळी. म्हणजे ‘बेसाल्टची घनता’ पुस्तकात पाहून भागत नाही. हाताशी आलेला दगड कोणता, हे पाहावे लागते.

भिंत बांधताना हा फरक आणखी वाढतो. दगडांच्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट भरलेले असते आणि ते दगडापेक्षा हलके असते. काम हलगर्जीपणाने झाले तर आत पोकळ्याही राहतात. त्यामुळे 2.9 घनतेच्या दगडाची भिंत सरासरी 2.4 च्या आसपास येते.

आता समोरचे पाणी पाहू. त्याची घनता 1, म्हणजे घनमीटरला एक टन. मुळशीची भिंत पायापासून सुमारे 49 मीटर उंच आहे. तेवढ्या खोलीच्या पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरला 49 टन दाब असतो. वर तो शून्यावर येतो. सरासरी धरली तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 1,200 टनांचा आडवा रेटा येतो. गंमत अशी की, तलाव मागे ताम्हिणीच्या दिशेने किती दूर पसरला आहे, याचा या रेट्याशी संबंध नाही. तलाव शंभर मीटर लांब असो वा वीस किलोमीटर, खोली तीच तर रेटा तोच.

हा रेटा अडवायला अशा धरणाजवळ स्वतःच्या भाराखेरीज काही नसते. भिंत किती जाड हवी, हे पूर्वी अंदाजाने ठरे. 1853 साली फ्रेंच अभियंता द साझिली याने ते गणिताने ठरवण्याचा मार्ग दाखवला. पुढचे पाऊल मुंबईच्या तहानेमुळे पडले. मुंबई महापालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टलॉक यांनी उंच दगडी धरणांविषयी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांचा अहवाल 1872 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की, दगडी बांधकामाला ताण सोसत नाही, म्हणून भार आणि रेटा यांचा एकत्रित परिणाम पायाच्या मधल्या तृतीयांशाबाहेर जाता कामा नये. त्रिकोणी छेदाच्या भिंतीला हा नियम लावला की एक सुटसुटीत सूत्र मिळते : उंचीला घनतेच्या वर्गमुळाने भागा, पायाची रुंदी मिळेल. उंची 49 मीटर आणि घनता 2.4 असेल, तर रुंदी सुमारे 32 मीटर.

या गणितात एक गोष्ट राहून गेली होती. पाणी भिंतीला फक्त समोरून ढकलत नाही. ते सांध्यांतून, भेगांतून आणि पायाखालच्या खडकातून आत शिरते आणि भिंतीला खालून वर उचलते. फ्रान्समधल्या एपिनालजवळचे बूझे धरण 27 एप्रिल 1895 रोजी फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मोरिस लेव्ही यांनी या उचलणाऱ्या दाबाचा प्रश्न ठामपणे मांडला. हा दाब पुरता धरला तर सूत्रात घनतेच्या जागी ‘घनता वजा एक’ येते. 2.4 चे 1.4 होतात आणि 32 मीटरची रुंदी 41 वर जाते.

हा वजा होणारा एक म्हणजे पाण्याची घनता. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने सारलेल्या पाण्याइतके घटते, हे आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितले होते. भिंत कोरड्या जमिनीवर उभी दिसते, म्हणून तीही अंशतः बुडालेलीच आहे हे ध्यानात यायला एवढा काळ गेला.

बांधकामातल्या प्रामाणिकपणाचा प्रश्नही इथेच येतो. समजा, भोकाभोकांचा दगड वापरल्याने किंवा सांधे नीट न भरल्याने भिंतीची घनता 2.4 ऐवजी 2.2 झाली. वजनात घट आठ टक्क्यांची, फार वाटत नाही. पण एक वजा केल्यावर 1.4 चे 1.2 होतात, म्हणजे धरून ठेवणाऱ्या भारातला सातवा हिस्सा गेला. खोलीचेही तसेच. पाणी दहा टक्क्यांनी खोल झाले तर रेटा 21 टक्क्यांनी वाढतो आणि भिंतीला उलथवण्याची त्याची ताकद 33 टक्क्यांनी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाणी खडकवासल्याच्या भिंतीच्या माथ्यावरून गेले आणि ऐंशी वर्षे उभी असलेली ती दगडी भिंतही कोसळली. पुण्याने त्या दिवशी काय भोगले, ते सांगणारी माणसे अजून आहेत.

मुळशीचे धरण या इतिहासात बूझेनंतरचे, 1920 च्या दशकातले. ते बांधू नये म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह मोडला, भातखाचरे बुडाली, भिंत पुरी झाली. त्या लढ्यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे आणि ते वाजवीच आहे. भिंतीविषयी मात्र आपण लिहीत नाही. तिचा विषय अभियंत्यांचा, असे समजून सोडून देतो.

तसे समजण्याचे कारण नाही. दगडी धरणांत आता पाझर काढून देण्यासाठी निचऱ्याची छिद्रे ठेवतात आणि झिरपणारे पाणी नियमित मोजतात. छिद्रे बुजली की उचलणारा दाब वाढतो. पाझर अचानक वाढला की कुठेतरी चूक आहे, हे कळते. ही मोजमापे समजायला घनतेपलीकडे फारसे काही लागत नाही. मुळेच्या काठाने खाली पुण्यापर्यंत आता दाट वस्ती आहे. तिथल्या माणसाने पावसाळ्यात ‘तलाव किती भरला’ हे विचारावेच, पण त्याचबरोबर ‘भिंतीतून पाणी किती झिरपते आणि ते कोण मोजते’ हेही विचारायला हवे.