'बार्न'च्या पोटातले जव

इंग्रजीतला 'बार्न' हा शब्द आज एकसंध दिसतो. धान्य, वैरण, अवजारे, प्रसंगी गुरेही ठेवायची शेतावरची मोठी इमारत, एवढाच त्याचा अर्थ. पण हजारएक वर्षे मागे गेले की त्याचे दोन तुकडे मोकळे होतात. जुन्या इंग्रजीत तो 'बेरेअॅर्न' होता. 'बेरे' म्हणजे जव, 'अॅर्न' म्हणजे घर. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने 'लिंडिसफार्न गॉस्पेल्स' या हस्तलिखितातल्या लॅटिन ओळींवर नॉर्थम्ब्रियन बोलीतले अर्थ लिहिले. तिथे हा सांधा अजून उघडा आहे.

त्यातला 'अॅर्न' मला विशेष मोलाचा वाटतो. गॉथिकमध्ये घराला 'राझ्न' म्हणत, जुन्या नॉर्समध्ये 'रन्न'. इंग्रजीत 'र' आणि स्वर यांनी जागा बदलल्या. हाच वर्णविपर्यय; 'ब्रिड'चे 'बर्ड' झाले तेही असेच. एकटा 'अॅर्न' पुढे बोलण्यातून गेला, पण मिठागरासाठीच्या 'सॉल्टर्न'मध्ये तो आहे. नॉर्स 'रन्न' तर 'रॅन्सॅक'मध्ये सापडते: मुळात घराची झडती. 'बेरे'चे नशीब जास्त चांगले. 'बार्ली' हा शब्द त्याच्याच विशेषणातून आला, आणि स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर त्या जुन्या नावाचे जव आजही पिकतात, दळले जातात, त्यांच्या भाकऱ्या होतात.

मराठी वाचकाला 'बार्न' ऐकून 'भरणे' आठवेल. धान्य भरायची जागा, म्हणून अर्थही जुळतो! पण 'भरणे'मागच्या संस्कृत 'भृ' धातूचे इंग्रजीतले सोयरे 'बेअर', म्हणजे वाहून नेणे, हे क्रियापद आहे. नुसत्या उच्चारसाम्यावर नाते जोडू नये. आधी जुना लेखी पुरावा पाहावा, मग ध्वनिबदलाचे नियम लावावेत. व्युत्पत्तिशास्त्राची सगळी शिस्त यात आली, आणि ती पाळली की अंदाजापेक्षा कितीतरी मोठा आनंद हाती लागतो.

त्यासाठी लॅटिन किंवा गॉथिक येण्याची अट नाही. आपले 'कोठार'ही 'कोष्ठ' आणि 'आगार' मिळून झालेले आहे. बोलताना हा जोड आपल्याला जाणवत नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' जवळ ठेवा, घरातल्या, शेतातल्या रोजच्या शब्दांपासून सुरुवात करा, आणि पुढची प्रकरणे सावकाश वाचा.