घरच्या दुरुस्तीनंतर इंजिन ‘मिसिंग’ करू लागल्यास

स्पार्क प्लग बदलणे, एअर फिल्टर साफ करणे, थ्रॉटल बॉडी पुसून घेणे अशी कामे हौसेने घरीच करणारे मोटारमालक पुष्कळ आहेत. काम आटोपून चावी फिरवावी तो इंजिन थरथरू लागावे, वेग घेताना गाडीने झटके द्यावेत, असा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतो. गॅरेजच्या भाषेत यालाच गाडी ‘मिसिंग करते’ असे म्हणतात. अशा वेळी घाबरून कॉइल, इंजेक्टर, पंप असे महागडे भाग विकत आणले जातात. वास्तविक, दुरुस्तीपूर्वी व्यवस्थित चालणारे इंजिन दुरुस्तीनंतर लगेच बिघडले असेल, तर दोष बहुधा नुकताच हात लागलेल्या भागातच असतो. तपासाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

मिसिंग म्हणजे काय?

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरची पाळी एकदा येते. त्या क्षणी हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि पुरेसा दाब या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी मिश्रण पेटत नाही किंवा अर्धवट जळते आणि क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो. सेन्सरमार्फत हा फरक इंजिनाच्या संगणकाला कळतो व तो त्याची नोंद सांकेतिक क्रमांकाने करतो. भारतात एप्रिल २०१३ पासून भारत स्टेज-४ मोटारींना ‘ओबीडी-२’ ही स्वयंनिदान यंत्रणा बंधनकारक झाली. त्यामुळे साध्या स्कॅनरवरही हे क्रमांक वाचता येतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील दोष, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यातील, तर ‘पी ०३००’ म्हणजे एका सिलिंडरपुरता मर्यादित नसलेला दोष.

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष नको

डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’ दिवा स्थिर असेल, तर तपासणी लवकर करावी. तोच दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करणेच श्रेयस्कर. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. त्या उष्णतेने त्याचा आतील गाभा वितळू शकतो आणि सैल प्लगची किरकोळ चूक फार मोठ्या खर्चात पडते.

तपासाचा क्रम

१. इंजिन थंड होऊ द्यावे व चावी काढून घ्यावी. आपण कोणकोणते भाग उघडले याची यादी करून ते त्याच क्रमाने पुन्हा पाहावेत.

२. कॉइल व इंजेक्टर यांचे प्रत्येक कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसले आहे ना, हे पाहावे. वरून बसल्यासारखे दिसणारे कनेक्टर अनेकदा अर्धवटच अडकलेले असते.

३. हाय टेन्शन वायर असलेल्या गाडीत वायरींची अदलाबदल झाली नाही ना, याची खात्री करावी. प्लग बदलताना एका वेळी एकच वायर काढल्यास ही चूक टळते.

४. प्लग काढून पाहावेत. पाना तिरका लागल्यास चिनी मातीच्या भागाला केसाएवढी चीर पडते व ठिणगी तेथूनच निसटते. दोन टोकांमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे असावे. प्लगच्या खोबणीत तेल साचले असेल, तर टॅपेट कव्हरचे गॅस्केट तपासावे.

५. एअर फिल्टर किंवा थ्रॉटल बॉडीचे काम केले असल्यास निसटलेली नळी शोधावी. इंजिन सुरू असताना येणारा ‘स्स्’ असा आवाज ही तिची खूण. अशी गळती असल्यास इंजिन जागेवर उभे असताना अधिक थरथरते आणि वेग वाढवल्यावर बरेचसे सुधारते.

दोष ‘हलवून’ पाहा

एवढ्याने उलगडा न झाल्यास, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एक सोपी कसोटी करता येते. समजा, ‘पी ०३०२’ ही नोंद आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, जुनी नोंद पुसावी आणि इंजिन पुन्हा चालवावे. नोंद आता ‘पी ०३०३’ अशी झाली, तर कॉइल सदोष. ती दुसऱ्याच सिलिंडरवर राहिली, तर कॉइल निर्दोष ठरते. मग प्लगची अशीच अदलाबदल करावी. या परीक्षेला एक पैसाही खर्च येत नाही. मात्र चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी पद्धत टाळावी. तेथील विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो.

सीएनजी गाडीत आणखी एक धागा हाती लागतो. दोन्ही इंधनांसाठी प्लग तेच, पण इंजेक्टर वेगळे असतात. केवळ पेट्रोलवरच मिसिंग होत असेल, तर पेट्रोलच्या पुरवठ्याकडे पाहावे. केवळ गॅसवर होत असेल, तर गॅसच्या इंजेक्टरइतकाच संशय प्लग व कॉइल यांचाही घ्यावा. गॅसचे मिश्रण पेटवण्यास अधिक जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे कमकुवत प्लग तेथे आधी उघडा पडतो.

मेकॅनिककडे केव्हा जावे?

ठिणगी व इंधन दोन्ही ठीक असूनही एक सिलिंडर साथ देत नसेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे लागते. एकाच सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी भरल्यास व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केट यांत दोष संभवतो. टायमिंग बेल्टचे काम घरी केले असेल आणि त्यानंतर मिसिंग सुरू झाले असेल, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये. बेल्ट काही दाते पुढेमागे बसला असल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण काय काय उघडले होते, हे संकोच न करता सांगावे. ती माहिती लपवल्यास मेकॅनिकला सारे इंजिन पहिल्यापासून तपासावे लागते आणि त्या वेळेचे पैसे गाडीमालकालाच मोजावे लागतात.