घाटावर आलेला समुद्र

सोलापूरला समुद्र नाही. आमच्या भीमा आणि सीना कृष्णेला मिळून दूर पूर्वसागराकडे जातात. त्यामुळे जुन्या गलबतांची चित्रे, होकायंत्रे, खलाशांनी फावल्या वेळात घडविलेल्या वस्तू जमविणे हा मुंबई-गोव्याकडच्या लोकांचा छंद, अशी आपली समजूत असते. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. समुद्राच्या खुणा घाट चढून आपल्या शेजारापर्यंत आलेल्या आहेत. प्रश्न एवढाच की, त्या ओळखून जपणारे कोणी होते काय?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतची बंदरे आणि तेथे मिळणारा माल यांची ती दर्यावर्दींसाठी केलेली नोंदवही होय. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर आहे, असे तो लिहितो. तगरहून पुष्कळसे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे फ्लीट यांनी 1901 साली दाखवून दिले. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील, संत गोरोबा कुंभारांचे हेच ते तेर. सोलापुरी चादरीचा आपल्याला अभिमान आहे. पण आपल्या शेजारच्या गावचे कापड एकोणीस शतकांपूर्वीच समुद्रावर गेले होते!

त्याच शतकातील एक जलप्रवास आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. बंदिवान संत पौलाला रोमकडे नेणारे जहाज आलेक्झांड्रियाचे होते, आणि हिंदुस्थानचा माल ज्या बंदरातून रोमला जाई तेही आलेक्झांड्रियाच. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. वादळाच्या रात्री खलाशी बुडीद, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, पाण्यात सोडतात. प्रथम वीस वाव आणि थोड्या अंतरावर पंधरा वाव पाणी भरते. पुढे माल्टा बेटावरून पौल ज्या दुसऱ्या जहाजाने निघतो, त्यावर जुळ्या देवांचे चिन्ह असल्याचाही उल्लेख आहे. तशी शिशाची वजने भूमध्य समुद्राच्या तळातून निघतात व संग्रहालयांत ठेवली जातात. पवित्र शास्त्राच्या वाचकाला नाविकांची उपकरणे आणि जहाजावरील कला अशी सहज भेटते.

आता तेरकडे वळू. तेथील पांढरीच्या टेकाडांतून जुन्या वस्तू वर येत. गावकऱ्यांना त्यांचे नावीन्य नव्हते. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच व्यापाऱ्याने मात्र मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाचे व हस्तिदंताचे तुकडे नेटाने गोळा केले. 1958 साली चापेकरांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले; परंतु त्याआधीपासून या एका गृहस्थाने गावाचा इतिहास आपल्या घरात सांभाळला होता. तोच संग्रह आज तेरच्या शासकीय संग्रहालयाच्या रूपाने उभा आहे आणि त्याला लामतुऱ्यांचेच नाव आहे.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पॉम्पेई हे शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी तिचे साम्य इतके आहे की, अनेक अभ्यासक तीही दख्खनचीच मानतात. उलट दिशेने आलेली वस्तू कोल्हापुरास आहे. तेथील ब्रह्मपुरीच्या टेकडीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती मिळाली. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी! तेरची मूर्ती तेरचीच आहे हे ठाऊक नसते, तर पॉम्पेईच्या मूर्तीचे माहेर कोणी आणि कसे ओळखले असते? वस्तू कोठे मिळाली ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते.

आपल्या समाजाला जवळची अशी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. समुद्रमार्गे आलेल्या पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर चर्चे बांधली. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर 1707 हा सन आणि बाळ येशूसह पवित्र मरियेचे चित्र आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर 1721 हा सन आहे. ही आठवण आपल्या मनाला बोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या घंटा वितळविल्या गेल्या नाहीत आणि त्यांवरील सन कोणी खरवडून काढला नाही. ज्यांनी त्या टांगल्या त्यांनी नकळत आपलाही इतिहास राखला. म्हणूनच आज त्या आपली जन्मकथा स्वतः सांगतात.

हे सारे पाहिले म्हणजे संग्राहकाचे कर्तव्य स्पष्ट होते. मुंबईच्या चोरबाजारात पितळी होकायंत्रे, जहाजांचे दिवे आणि दुर्बिणी मांडलेल्या दिसतात. त्यांत जुन्या थोड्या, जुन्यासारख्या पुष्कळ. रुडकीसारख्या गावी अशा प्रतिकृती घडविण्याचा मोठा धंदाच आहे. प्रतिकृती घेण्यात दोष नाही, तिला पुराणवस्तू म्हणून विकण्यात आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या जुन्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असे 1878 चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परवान्यावाचून परदेशी नेण्यास 1972 च्या कायद्याने बंदी आहे.

परंतु खरा संग्रह बाजारात नव्हे, घरात असतो. ज्या कुटुंबांची मुळे गोव्यात वा वसईत आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांचे आजोबा, पणजोबा बोटीवर होते. गोव्याचे खलाशी बोट मिळेपर्यंत मुंबईत आपापल्या गावच्या ‘कूडा’त राहत, तेथे दिवसाअखेर जपमाळेची प्रार्थना होई. त्यांची पत्र्याची पेटी, नोकरीचे पुस्तक, एखादी कोरीव डबी आजही माळ्यावर असेल. घर बदलताना आपण प्रथम टाकतो ते नेमके हेच.

आमची विनंती साधी आहे. ती पेटी खाली काढावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, वस्तू कोणाची, कोणत्या बोटीवरची, कोणत्या सालची, हे कागदावर लिहून तो कागद वस्तूसोबतच ठेवावा. लामतुऱ्यांनी एका गावासाठी जे केले, ते प्रत्येक कुटुंबाला आपल्या घरापुरते करता येईल. आणि सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच करता येईल.