मद्यधुंद व बेदरकार वाहनचालन : परदेशवास्तव्यावरील परिणाम

दारू पिऊन किंवा बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत झाल्यास, आपण ज्या देशाचे नागरिक नाही तिथे शिरण्याच्या वा राहण्याच्या परवानगीवर होणारा परिणाम. कायदा याला शिक्षा मानत नाही, त्यामुळे निकालपत्रात तो कुठेच दिसत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात हा प्रश्न दुहेरी आहे. इथल्या मोटार कारखान्यांत परदेशी तंत्रज्ञ येतात आणि इथले अभियंते व्हिसा घेऊन बाहेर जातात. येणाऱ्यांपुरते सांगायचे, तर परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये हान्स म्युलर खटल्यात जवळजवळ निरंकुश ठरवला. जाणाऱ्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. नाकाबंदीत यंत्रात फुंकायचे, आकड्याची चिठ्ठी निघते, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरायचा आणि विषय मिटला असे समजायचे. या घाईला कारण आहे : फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारता येतो आणि तो मिळवण्यासाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. तारखांपेक्षा कबुली परवडते. पण कॅनडाने 18 डिसेंबर 2018 पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली आणि तो तिथल्या स्थलांतर कायद्यातल्या ‘गंभीर गुन्हेगारी’त गेला. बाहेरच्या देशातला गुन्हा तोलताना तिथला अधिकारी आपण किती दंड भरला हे पाहत नाही. तेच कृत्य कॅनडात घडले असते तर कमाल किती शिक्षा झाली असती, हे पाहतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या लिओकाल निकालाने नशेत गाडी चालवून इजा करणे हा हद्दपारीस पात्र करणारा ‘हिंसक गुन्हा’ नव्हे असे ठरले खरे. तरी 2015 पासून नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो.

म्हणून कबुली नोंदवण्यापूर्वी न्यायालयाने आरोपीला याची जाणीव करून द्यावी, हे म्हणणे रास्त आहे. नशेत गाडी हाकून दुसऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्याचा इतका कळवळा कशाला, हा आक्षेप खोटा नाही. पण सूचना दिल्याने दंड कमी होत नाही. परदेशी कायदा इथल्या दंडाधिकाऱ्याने का जाणावा, हा दुसरा आक्षेप. त्याने तो जाणण्याची गरजच नाही. कॅलिफोर्नियात न्यायाधीश कबुलीआधी नागरिक नसलेल्यांसाठी एक ठरीव इशारा देतो, एवढेच. शिवाय इथे आकड्यालाही मोल आहे. कॅनडाची मर्यादा 80 मिलिग्रॅम असल्यामुळे 45 ची चिठ्ठी हाती असेल, तर दोन्ही गुन्हे एक नव्हेत असा युक्तिवाद उभा राहू शकतो. आदेशात नुसते ‘कलम 185, गुन्हा कबूल’ एवढेच असेल, तर तो आकडा कित्येक वर्षांनंतर कुठून शोधायचा?