गिरणगावचा भोंगा आणि आपण

दिमोना, लोद किंवा बीरशेबा येथील एखाद्या लग्नसमारंभात आपल्या समाजातील दोन वडीलधारी माणसे प्रथमच भेटली, की आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मुंबईत तुम्ही कुठे होतात?" उत्तर येते ते रस्त्याच्या नावाने नव्हे. "सात रस्त्याला, सिम्प्लेक्सजवळ." "भायखळ्याला, खटावच्या पलीकडे." आडनावात कोकणातले गाव आणि पत्त्यात मुंबईची गिरणी, अशी आपली ओळख दोन ठिकाणांनी मिळून झालेली आहे. केहीम, दिवे, राजपूर, पेण ही गावे अजून आपल्या जागी आहेत. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. तरीही पत्ता सांगण्याची रीत बदललेली नाही आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही.

आम्ही या लेखात त्या पत्त्याचा थोडा इतिहास सांगू इच्छितो. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून आरंभ करतो, शनिवार तेल्यांच्या घाण्यापाशी थोडे थांबतो आणि तेथून एकदम १९४८ सालाकडे उडी घेतो. मधला दीडशे वर्षांचा मुंबईचा काळ दोन-चार नामवंतांच्या चरित्रांत संपतो. ज्या वस्तीत आपली बरीच कुटुंबे राहिली त्या वस्तीबद्दल आपण फारसे लिहिलेलेच नाही.

मुंबईत आपली माणसे गिरण्यांच्या आधीच आली होती. शमुएल यहेज्केल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग बांधले तेव्हा बेटावर धुराडे नव्हते. कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली ती १८५४ साली, आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळ-लालबागपर्यंत शेतजमिनी, वाड्या आणि खाजणे जाऊन धुराडी उभी राहिली. मांडवी, डोंगरी आणि उमरखाडी येथे दाटीने राहणारी आपली कुटुंबे याच सुमारास उत्तरेकडे सरकली. कोणी भायखळ्याच्या कारखान्यांत सुतार, फिटर झाले, कोणी रेल्वेत लागले, कोणी कचेरीत कारकून झाले आणि काही गिरणीच्या आत गेले. सात रस्त्याजवळचे तिफेरेत इस्राएल (१९२४) आणि आग्रीपाड्याचे मागेन हसीदीम (१९३१) ही दोन सिनेगॉग गिरण्यांच्या सावलीत वाढली असे म्हटले तरी चालेल.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. सात रस्त्याला जेकब सर्कल म्हणत, आणि आपल्यापैकी कित्येकांची लहानपणी खात्री होती की हा जेकब आपल्यातलाच असला पाहिजे. तो नव्हता. ते नाव सर जॉर्ज ल ग्रँड जेकब या इंग्रज सेनाधिकाऱ्याचे. पुढे त्या चौकाला संत गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. आपल्या माणसाचे नाव पाहावयाचे तर जवळच्याच हेन्स रोडवर जावे. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले आणि त्या रस्त्याला पुढे त्यांचे नाव मिळाले. आजही तो डॉ. ई. मोझेस रोडच आहे.

गिरण्यांच्या बाबतीतही असाच गोड गैरसमज आहे. जेकब ससून मिल, रेचेल ससून मिल ही नावे सांगताना आपला आवाज किंचित चढतो, जणू त्या आपल्याच घरच्या होत्या. ससून मंडळी यहुदी होती हे खरे. त्यांच्या गिरण्यांत बेने इस्राएल माणसे कामाला होती हेही खरे. परंतु बगदादहून आलेल्या यहुद्यांनी, त्यांत डेव्हिड ससूनही होते, १८३६ साली सरकारकडे अर्ज केला होता तो दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींच्या मध्ये भिंत असावी म्हणून. ही गोष्ट आपण विसरू नये. कटुतेने आठवावी असेही नाही. ससून समूहाच्या गिरण्या १९४० च्या दशकात दुसऱ्यांकडे गेल्या आणि इंडिया युनायटेड मिल्स या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. दादरची इंदू मिल म्हणजे त्यातलीच सहा नंबरची. तिच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाची पायाभरणी २०१५ मध्ये झाली.

आता भोंग्याविषयी. गिरणगावात घड्याळ घरोघरी नव्हते, आणि असण्याची गरजही नव्हती. पहाटे एकामागून एक भोंगे वाजू लागत. प्रत्येक गिरणीचा आवाज निराळा. अंथरुणात पडल्यापडल्या कोणती गिरणी बोलते आहे हे मुले ओळखत. तीन पाळ्या सुरू झाल्यावर पहिली सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र, तिसरी मध्यरात्र ते सकाळी सात, असा दिवस तिघांत वाटला गेला. चाळीच्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसे राहात. रातपाळीचा माणूस घरी येई तेव्हा दिवसपाळीचा नुकताच उठलेला असे, आणि एकाच वळकटीवर दोघांची झोप भागे.

या भोंग्याने आपल्या समाजाला एक अवघड प्रश्न घातला. कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणूनच शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. घाणा स्वतःचा होता, बैल स्वतःचा होता. थांबवायचे तर कोणाला विचारावे लागत नव्हते. गिरणीचे तसे नव्हते. प्रारंभी तर गिरण्यांना आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून सुटीची मागणी केली आणि १८९० मध्ये मालकांनी ती मान्य केली. सुटी मिळाली ती रविवारची. लाखो कामगारांना तो दिवस वरदान ठरला. आपल्या माणसापुढे मात्र नवा पेच उभा राहिला: रविवारी तो रिकामा, आणि शनिवारी साच्यावर.

जुन्या मंडळींकडून यासंबंधी जे ऐकावयास मिळते ते एकसारखे नाही. काहींनी शनिवारचा खाडा केला, पगार कापून घेतला आणि त्या दिवशी आपल्या जागेवर बदली कामगाराला उभे राहू दिले. काहींनी शेजाऱ्याशी पाळी बदलून घेतली. त्याच्या गणपतीला किंवा शिमग्याला हा उभा, याच्या नव्याच्या सणाला आणि दरफळणीच्या सणाला तो उभा. पुष्कळांनी मात्र मुकाट्याने शनिवारची पाळी केली. साडेतीनचा भोंगा झाला की केसांत अडकलेला कापूस झाडीत ही माणसे सिनेगॉगच्या नळावर हातपाय धूत आणि मिन्हाच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसत. आपल्या मुलांसमोर ही हकीकत सांगताना वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो असे आम्ही पाहिले आहे. आम्हांला मात्र त्या मागच्या बाकाविषयी आदरच वाटतो. घाणा बंद ठेवणाऱ्याला शब्बाथ सोपा होता. या माणसांना तो उरलेल्या दोन-तीन तासांत पाळावा लागला.

स्वराज्यानंतर आणि इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर आपला समाज निघाला. त्या वेळी भारतात आपली संख्या वीस हजारांच्या आसपास होती; १९५० आणि १९६० च्या दशकांत त्यातील बहुसंख्य येथे आले. आलेल्यांपैकी काहींनी १९५१-५२ मध्ये परत पाठवण्याची मागणी करून धरणे धरले, ते भारतात गेले आणि त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा आले. त्या घटनेची कारणे अनेक होती. भेदभावाची वागणूक हे मोठे. परंतु जे परतले ते काही कोकणातल्या गावांत गेले नाहीत, बहुतेक मुंबईच्या चाळींतच गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथे आल्यावरही गिरणीने पाठ सोडली नाही. १९५५ मध्ये नेगेवच्या वाळवंटात वसलेल्या दिमोनात कापडाचे कारखाने निघाले आणि आपली किती तरी माणसे पुन्हा यंत्रांपुढे उभी राहिली. फरक एवढाच की येथे शनिवारी यंत्र आपोआप थांबे. पुढे बाहेरचे स्वस्त कापड येऊ लागले, शिवणकाम जॉर्डन आणि इजिप्तकडे गेले, आणि १९९० च्या दशकापासून येथील कापडधंदाही उतरणीला लागला. एकाच घराण्यात आजोबांनी परळची आणि नातवाने नेगेवची गिरणी गमावली, असे घडले आहे.

आपण निघून आल्यावर तिकडे काय झाले? आपल्या आठवणीत गिरणगाव जसे होते तसेच उभे राहिले. पत्रे येत, लग्नपत्रिका येत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला होता; हाही तेवढ्यात मिटेल असे सर्वांना वाटले. वर्ष उलटले, दीड वर्ष झाले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बायकांनी दागिने विकले, मुलांच्या शाळा सुटल्या, कित्येक जण कोकणातल्या आणि घाटावरच्या गावी परतले, आणि जे पुन्हा कामावर गेले त्यांच्यातल्या अनेकांना फाटकातून आत घेतले गेले नाही. ज्या शेजाऱ्यांनी आपल्या सणाला साच्यावर पाळी केली होती, ज्यांच्या घरी आपल्या मालिद्याची ताटे जात, ती हीच माणसे. आपण तेव्हा येथे आपापल्या अडचणींत होतो. येथे आपल्या समाजाने त्यांच्यासाठी काही केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्यानंतर गिरण्यांपेक्षा गिरण्यांखालच्या जमिनीला मोल आले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतला वाटा शहरासाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो पुष्कळ आखडला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये आज परदेशी मालाची दुकाने आहेत. सिम्प्लेक्सच्या जागी उत्तुंग इमारत आहे; ती ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावर तिफेरेत इस्राएल आहे. कामगारांच्या घरांसाठी २०१२ पासून सोडती निघाल्या, तरी अनेक वारस अजून यादीतच आहेत. गिरणगावातली एकच गोष्ट पूर्वीपेक्षा वाढली, ती म्हणजे १९३४ पासूनचा लालबागचा गणपती.

"आम्ही मुंबई सोडली" असे आपण नेहमी म्हणतो, आणि त्या वाक्यात थोडा अभिमान आणि थोडी हुरहूर असते. पण जे तेथेच राहिले त्यांचेही गाव गेले, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. आपल्याला निदान निघण्याचा दिवस ठाऊक होता.

आम्ही पेशाने शिक्षक. भारतभेटीस जाणाऱ्या तरुणांच्या सहली आम्ही पाहतो: नवगावचे स्मारक, अलिबागचे सिनेगॉग, खंडाळ्याची खडक-शिळा, गेटवे ऑफ इंडिया. यात एक दिवस गिरणगावासाठी काढावा असे आम्हांस वाटते. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल्सच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. डॉ. ई. मोझेस रोडवर वरळीला आपली दफनभूमी आहे. मराठी आणि हिब्रू अक्षरे कोरलेले ते दगड आता टोलेजंग इमारतींनी वेढले गेले आहेत. तेथे विसावलेल्यांमध्ये रातपाळीचे फिटर आहेत, टाईमकीपर आहेत, साचेखात्यातले कामगार आहेत.

येरुशलेमला शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास शब्बाथ सुरू झाल्याची खूण म्हणून भोंगा वाजतो. आपल्या एका वृद्ध भगिनीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "पाळी सुटली."

ज्या घरांत गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी किंवा सिनेगॉगसमोर काढलेले एखादे छायाचित्र असेल, त्यांनी ते टाकू नये. नातवंडांकडून त्याची प्रत काढवून आमच्याकडे पाठवावी. कोणती गिरणी, कोणते खाते, कोणते साल एवढे मागे लिहिले तरी पुरे. आणि शनिवारची पाळी आपल्या घरी कशी निभावली जाई, तेही संकोच न बाळगता कळवावे.