दर्शन, स्पर्शन, प्रश्न : वैद्यकशिक्षणातल्या भेटीचा इतिहास

आरोग्यविज्ञानाच्या विद्यापीठात माणसांनी प्रत्यक्ष, समोरासमोर भेटण्याचं मोल काय, हा आजचा विषय. २०२० च्या मार्च महिन्यात महाविद्यालयं बंद झाली, वर्ग पडद्यावर गेले आणि हा प्रश्न अचानक सगळ्यांना पडला. पण तो जुना आहे. आज आपण त्याचा इतिहास थोडक्यात पाहू.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहणं, हात लावून बघणं आणि विचारणं. ही तीन पदं आपण आज मोजपट्टीसारखी वापरणार आहोत.

युरोपात फार काळ वैद्यक हे ग्रंथातून शिकवलं जाई. रोगी म्हणजे ग्रंथाला जोडलेलं उदाहरण. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात हर्मन बूरहाव्ह १७१४ पासून विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेजवळ नेऊन शिकवू लागले. ही पद्धत तिथे आधीपासून होती, बूरहाव्ह यांनी तिला नावलौकिक दिला. खाटा किती होत्या? फक्त बारा. सहा पुरुषांच्या, सहा स्त्रियांच्या. एवढ्या बारा खाटांसाठी युरोपभरातून विद्यार्थी लायडनला येत. ग्रंथ तर त्यांना घरीही मिळत होते.

आपल्याकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं, ते जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या सोबतच. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी वॉर्डातल्या शिक्षणावर भर दिला. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. अमेरिकेत मात्र रोग्याला क्वचितच हात लावून, नुसती व्याख्यानं ऐकून डॉक्टर होता येत असे. तिथे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात काम नेमून दिलं. विद्यार्थ्यांना वॉर्डात आणून शिकवलं, याहून वेगळा लेख आपल्या थडग्यावर नको, अशा अर्थाचं ते म्हणत. एवढे ग्रंथ लिहिलेला माणूस, आणि त्याला हेच आपलं खरं काम वाटलं!

आता कुणी म्हणेल, यंत्रं आली तशी ही जवळीक कमी होणारच. इथे घाई नको. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणं त्यांना संकोचाचं वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी केली. तिथून स्टेथोस्कोप जन्माला आला. म्हणजे यंत्राने अंतर आणलं हे खरं, पण त्या अंतराने तिची लाजही राखली. यंत्र वाईट नाही. ते वापरताना आपण रोग्याच्या किती जवळ उभे आहोत, एवढंच पाहायचं.

दुरून होणारा संवादही कमी लेखू नये. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांची आणि त्यांची ओळख पत्रांतून झाली, मावशी-भाचीचं नातं पत्रांतूनच जुळलं. ती पत्रं नसती तर आनंदीबाई अमेरिकेला गेल्याच नसत्या. पण वैद्यक पत्राने शिकता येत नव्हतं. त्यासाठी १८८३ मध्ये समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाच्या कॉलेजात जावं लागलं. आणि हा खटाटोप कशासाठी? जाण्याआधी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, सभेत त्यांनी सांगितलं की इथल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत, म्हणून इथे स्त्री डॉक्टर हव्यात. म्हणजे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न, तिन्ही अडले होते, कारण समोर बसायला योग्य माणूसच नव्हतं. स्वतःचं बाळ दहा दिवसांत गेलेलं पाहिलेल्या बाईचे हे शब्द आहेत, हे विसरू नये.

पण नुसतं समोर असणं पुरेसं आहे का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि याला पुरावा पुण्याचा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँड यांच्या अधिकाराखाली सोल्जर घरोघर शिरले, माणसं तपासली, उचलून नेली. तिथे दर्शन होतं, स्पर्शही होता. प्रश्न नव्हता. कुणाला काही विचारलं नाही आणि लोकांनी आजारी माणसं लपवली. त्याच साथीत, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. दोन्ही ठिकाणी रोग्याला हात लागला. पण एका हाताला लोक घाबरले, दुसऱ्याची आठवण आजही काढतात.

राउंडच्या वेळी दहा-बारा विद्यार्थी एकामागून एक पोट दाबून जातात आणि एकही जण नाव विचारत नाही, तेव्हा आपण या दोनपैकी कोणाच्या बाजूला असतो? हे जरा मनाशी विचारून पाहा.

मग भेट घडवायची कशी? ती आपोआप घडत नाही, तिची व्यवस्था करावी लागते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमात राहावं लागतं. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात. रुग्णालयात रोगी आपल्या दारी येतो, इथे विद्यार्थी त्याच्या दारी जातो. चूल, पाणी, गोठा, कर्ज, सगळं दिसतं, आणि प्रश्न विचारायचे कसे तेही कळतं. आता कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आली आहे. ती केवळ वहीत सही घेण्यापुरती उरू नये.

आपलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालं. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळे एका छत्राखाली आले. पण छत्र एक असलं तरी त्याखालची माणसं भेटतात का? विद्यार्थ्याला विद्यापीठ दिसतं ते हॉलतिकिटावर आणि निकालात. उद्या एकाच रोग्याजवळ उभे राहणारे डॉक्टर आणि नर्स शिकताना एकदाही एकत्र बसलेले नसतात. वर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचं दडपण! इंटर्न वॉर्ड सोडून वाचनालयात बसतो. त्याला आम्ही दोष देत नाही. गुण जिथे मिळतात तिथेच विद्यार्थी जाणार.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षात निदान एक रोगी दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत, आणि नंतर घरीही, भेटत राहावा. त्यात नर्सिंगचा विद्यार्थी बरोबर असावा. आणि या कामाला गुण असावेत. व्याख्यानं खुशाल पडद्यावर होऊ द्या, आमचं हेही तुम्ही पडद्यावरच ऐकता आहात. त्यातून वाचलेला वेळ मात्र खाटेजवळ जायला हवा. तो तिकडे गेला नाही तर पडद्याने काहीच वाचवलं नाही.

इथे थांबतो.