वाहिनीची अवस्था आणि संदेशाची क्षमता

प्रत्येक संदेशवाहिनीला एक कमाल मर्यादा असते, हे क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये गणिताने सिद्ध केले. या मर्यादेला वाहिनीक्षमता म्हणतात. तिच्या आत राहून संदेश पाठवल्यास चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते. ती ओलांडल्यास ते शक्य होत नाही.

मात्र वाहिनी नेहमी सारखी नसते. मोबाईलचा सिग्नल कमी-अधिक होतो, मेमरीतील काही घरे निकामी होतात, दुसऱ्याच्या लहरी आपल्या लहरींत मिसळतात. या बदलत्या स्थितीला ‘वाहिनीची अवस्था’ म्हणतात. ती कोणाला आणि केव्हा कळते, यावर क्षमता अवलंबून असते. प्रेषकाला अवस्था क्षणोक्षणी कळत जाते, तेव्हाची क्षमता शॅनन यांनी 1958 मध्ये काढली. संपूर्ण अवस्था प्रेषकाला आधीच ठाऊक असेल तर काय, याचे सर्वसाधारण उत्तर गेलफांड आणि पिन्स्कर यांनी 1980 मध्ये दिले.

या प्रश्नाचे एक मूळ सदोष मेमरीत आहे. कुझनेत्सोव आणि त्सिबाकोव यांनी 1974 मध्ये तिचा अभ्यास केला. समजा, आठ घरांपैकी एक घर 0 किंवा 1 वर कायमचे अडकले आहे आणि ते कोणते, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. पहिल्या घरात खूण म्हणून 0 आणि उरलेल्या सात घरांत संदेश लिहायचा. अडकलेल्या घराशी विसंगती आली, तर आठही अंक उलटे करायचे. वाचणाऱ्याला खूण 1 दिसली, की त्याने उरलेले सात अंक उलटून वाचायचे. दोष कोठे आहे, हे त्याला कळण्याची गरजच उरत नाही. मोठ्या मेमरीत 10 टक्के घरे अशी अडकलेली असली, तरी उरलेली जवळपास 90 टक्के क्षमता वापरता येते.

मॅक्स कोस्टा यांचा 1983 मधील निष्कर्ष याहून आश्चर्यकारक आहे. मळलेल्या कागदावर लिहिताना डाग कोठे आहेत हे लिहिणाऱ्यालाच माहीत असेल, तर कोऱ्या कागदाइतकाच मजकूर त्यावर मावतो. संदेशाची शक्ती गोंगाटाच्या 15 पट असल्यास दर वापराला 2 बिट जातात. त्यात गोंगाटाच्या 14 पट शक्तीचा अज्ञात व्यत्यय मिसळल्यास केवळ अर्धा बिट जातो. तोच व्यत्यय प्रेषकाला आधी ठाऊक असेल, तर क्षमता पुन्हा 2 बिट होते. येथे व्यत्यय वजा करण्यात शक्ती खर्च करायची नसते. त्याला जुळवून घेणारा संकेत निवडायचा असतो.

मोबाईलचा मनोरा एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवतो. एकाचा संदेश दुसऱ्यासाठी व्यत्यय ठरतो. पण मनोऱ्याला तो आधीच ठाऊक असतो. अनेक अँटेनांच्या अशा प्रक्षेपणात कोस्टा यांच्या पद्धतीनेच कमाल मर्यादा गाठता येते, हे 2006 मध्ये सिद्ध झाले. प्रत्यक्षात ही पद्धत गणनेच्या दृष्टीने खर्चिक आहे आणि तिला अवस्थेची अचूक माहिती लागते. त्यामुळे व्यवहारात बहुधा सोप्या पद्धती वापरल्या जातात. त्या कमाल मर्यादेच्या किती जवळ पोहोचतात, हे मोजण्याचे माप मात्र या सिद्धान्ताने दिले आहे.